संसर्ग दाखवणारी रंगीत ड्रेसिंग बनवताना या चुका टाळा

दर वर्षी प्रकल्पांचे विषय ठरायची वेळ आली की आमच्या प्रयोगशाळेत कुणीतरी बीट घेऊन येतं. कधी लाल कोबी, कधी गोकर्णाची निळी फुलं, मुलं कोकणातली असतील तर आमसुलं. कल्पना एकच असते: जखमेवर बांधायची अशी पट्टी, जी आत जंतुसंसर्ग झाला की रंग बदलून बाहेरून दाखवेल.

हा विषय मला मनापासून आवडतो. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर जखमेभोवतीची लाली चटकन दिसत नाही. मधुमेह जुना असला की पायाची संवेदना जाते, मग जखम चिघळली तरी माणसाला दुखत नाही. ड्रेसिंग सोडायला नर्स तिसऱ्या दिवशी येते. मधल्या दोन दिवसांत आत काय चाललंय हे पट्टीनं सांगितलं, तर कितीतरी पाय वाचतील. एवढ्या मोलाच्या कामात दर वर्षी त्याच चुका पाहिल्या की जीव तुटतो. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि गेली अठरा वर्षं असे प्रकल्प हाताखालून जाताना पाहते आहे. त्यातल्या दोन चुकांवर सविस्तर बोलणार आहे, कारण त्या दोन सुधारल्या तर निम्मे प्रकल्प वाचतात.

पीएच बदलला म्हणजे इन्फेक्शन झालं, असं धरून चालणं

शाळेच्या पुस्तकात ज्याला सामू म्हणतात तोच हा पीएच: ७ च्या खाली आम्ल, वर अल्क. निरोगी त्वचेचा पीएच साधारण ४ ते ६ असतो, म्हणजे आम्लाकडे झुकलेला. कातडी फाटली की आतला द्रव वर येतो, तो ७.४ च्या आसपास. महिनोन्‌महिने न भरणाऱ्या जखमांत ७.१५ पासून ८.९ पर्यंत पीएच मोजला गेलेला आहे. एवढं वाचलं की मुलं समीकरण मांडतात: आम्ल म्हणजे बरी जखम, अल्क म्हणजे इन्फेक्शन.

यात खरा भाग आहे. प्रोटियससारखे काही जंतू युरिएज नावाचं एन्झाइम तयार करतात. ते युरिया फोडतं, अमोनिया सुटतो आणि जखम अल्कधर्मी होते. पण आजच कापलेली, स्वच्छ, एकही जंतू न वाढलेली जखमसुद्धा ७.४ वरच असते, कारण रक्ताचा पीएचच तेवढा आहे. आणि पुष्कळ जंतू खाद्य मिळालं की अमोनिया नव्हे, आम्ल बनवतात. म्हणजे संसर्ग नसताना पट्टी रंग बदलू शकते, आणि संसर्ग जोरात असताना गप्प बसू शकते.

हे मला एका एक्स्टर्नल बाईंनी, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांनी, भर व्हायव्हात, तोंडी परीक्षेत, शिकवलं.

त्या वर्षी माझ्याकडे चार मुलींचा गट होता. हुशार, कामाला वाघ. पीव्हीए आणि कायटोसान या दोन पॉलिमरची पातळ फिल्म, त्यात फिनॉल रेड. हा रंग ६.८ च्या खाली पिवळा आणि ८.२ च्या वर लालसर गुलाबी असतो. मुलींनी न्यूट्रियंट ब्रॉथमध्ये, म्हणजे जंतूंच्या पातळ खाद्यात, ई. कोलाय हा जंतू वाढवला, त्यात फिल्मचे तुकडे टाकले आणि ३७ अंशांवर ठेवले. दुसऱ्या दिवशी तुकडे सुरेख गुलाबी. फोटो काढले, पोस्टर छापलं, वर मोठ्या अक्षरात लिहिलं: चोवीस तासांत संसर्गाची सूचना. मी ते पोस्टर वाचलं होतं आणि माझ्या सहीनं ते पुढे गेलं होतं.

एक्स्टर्नल बाईंनी पोस्टर शांतपणे शेवटपर्यंत वाचलं आणि एकच प्रश्न विचारला: "ब्रॉथमध्ये ग्लुकोज घालून पाहिलंत का?"

चौघी गप्प. मीही गप्प. कारण उत्तर आम्हा पाचही जणींना येत होतं. दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलमध्ये प्रत्येक विद्यार्थी शर्करा-किण्वनाची चाचणी करतो. नळीत पेप्टोन (फोडलेली प्रथिनं), साखर आणि फिनॉल रेड, आत सुटणारा वायू पकडायला उलटी बुडवलेली छोटी डरहॅम नळी. ई. कोलाय ग्लुकोज खातो, आम्ल तयार करतो आणि नळी पिवळी होते. तोच जंतू, तोच रंग. साखर नसली की तो पेप्टोनमधली अमिनो आम्लं फोडतो, अमोनिया सुटतो आणि नळी गुलाबी होते. आमच्या फिल्मनं संसर्ग ओळखलाच नव्हता. ब्रॉथमध्ये साखर नाही एवढंच तिनं सांगितलं होतं.

पुढच्या आठवड्यात आम्ही प्रयोग पुन्हा लावला. तीन नळ्या: जंतू आणि साधा ब्रॉथ, जंतू आणि एक टक्का ग्लुकोजचा ब्रॉथ, आणि जंतूच नसलेला निर्जंतुक ब्रॉथ. सकाळी पहिली नळी गुलाबी. तिसरी होती तशी नारिंगी. आणि दुसरी, जंतूंनी दुधाळ गढूळ झालेली, तळाशी साका बसलेली, तिच्यातली फिल्म लिंबासारखी पिवळी. त्यांच्या पोस्टरवरच्या रंगपट्टीप्रमाणे, म्हणजे कुठला रंग काय सांगतो त्या तक्त्याप्रमाणे, ती सगळ्यात सुरक्षित जखम होती. एका मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. जखमेतला द्रव रक्तातूनच पाझरतो, त्यात ग्लुकोज असतं. शिवाय त्यात बायकार्बोनेट आणि प्रथिनं असतात, ती पीएचला सहजी हलू देत नाहीत. साध्या ब्रॉथमध्ये दिसलेला झोकदार रंगबदल खऱ्या स्रावात तसाच दिसेल हे गृहीत धरायचं काहीच कारण नव्हतं.

तेव्हापासून माझ्याकडे नियम आहे. कुठल्याही रंगबदलाचा फोटो माझ्यासमोर आला की शेजारी आणखी तीन फोटो हवेत: जंतू नसताना काय झालं, साखर असताना काय झालं, आणि निम्मं सीरम (रक्त गोठल्यावर वर उरणारा द्रव) घातलेल्या कृत्रिम स्रावात काय झालं. सीरम महाग पडतं, मान्य. पण ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात ०.१ टक्का पेप्टोन आणि त्यात त्या पाण्याइतकंच सीरम, असा स्राव प्रयोगशाळेत करता येतो, आणि एका गटाला फार लागतही नाही. ज्यांना इतकं थांबायचं नसतं ते मला विचारतात, "मॅडम, एवढं कशाला, रंग तर बदलतोय ना?" त्या प्रश्नानं मला खरोखर राग येतो. रुग्णाला रंग नको असतो, उत्तर हवं असतं.

आणखी एक गोष्ट याच चुकीच्या पोटात आहे. जखमेत जंतू असणं आणि जखमेला संसर्ग होणं या दोन वेगळ्या अवस्था आहेत. उघड्या जखमेत जंतू असतातच. ते शरीरावर मात करू लागले आणि शरीर प्रतिकाराला उठलं की संसर्ग. लाली, सूज, ऊब आणि वेदना ही त्याची चार लक्षणं सेल्सस या रोमन लेखकानं पहिल्या शतकात नोंदवून ठेवली आहेत, आणि आजही डॉक्टर आधी तीच पाहतात. तुमची पट्टी जंतू मोजते की शरीराचा प्रतिकार मोजते, हे अहवालाच्या पहिल्या पानावर लिहा. पांढऱ्या पेशी सोडतात ती इलास्टेज, मायलोपेरॉक्सिडेज यांसारखी एन्झाइम्स पकडणाऱ्या रंगांवर जगात काम चालू आहे, ते याच विचारातून. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात टोबी जेन्किन्स यांच्या गटानं २०१५ साली दाखवलेली पट्टी तिसऱ्याच वाटेनं जाते. अगारोजच्या ओलसर थरात सूक्ष्म पुटकुळ्या, त्यांत दाटीवाटीनं कोंबलेला फ्लुओरेसंट रंग. दाटीत तो चमकत नाही. रोगकारक जंतूंचं विष पुटकुळी फोडतं, रंग बाहेर पसरून विरळ होतो आणि अतिनील दिव्याखाली हिरवा चमकतो. निरुपद्रवी जंतू असं विष सोडत नाहीत, म्हणून पट्टी त्यांना पाहून ओरडत नाही. तुम्ही ही पट्टी बनवा असं मी म्हणत नाही, ते पदवीच्या प्रकल्पाच्या आवाक्यातलं नाही. पण रंग नेमका कशानं बदलावा, याचा विचार त्यांनी रंग निवडण्याआधी केला. तेवढं घ्या.

गॉज, पाणी आणि फिल्म यांचा स्वतःचा पीएच न तपासणं

ही माझी दुसरी दुखरी जागा. सगळं लक्ष जंतूंवर आणि ज्या कापडावर रंग चढवला त्याची चौकशीच नाही.

हळदीचं उदाहरण घेते, कारण ते प्रत्येक मराठी घरात घडलेलं आहे. पांढऱ्या शर्टावर वरण सांडतं, पिवळा डाग पडतो. साबण लावला की तो डाग लालभडक होतो आणि उन्हात वाळवला की उडून जातो. हळदीतलं कर्क्युमिन अल्कात लाल होतं, म्हणून साबणानं लाल. उजेडात ते मोडतं, म्हणून उन्हात नाहीसं. हळदीला अल्क लावून लाल कुंकू करण्याची आपली जुनी रीतही याच गुणावर उभी आहे. म्हणजे या इंडिकेटरचे, पीएचप्रमाणे रंग बदलणाऱ्या द्रव्याचे, गुण आणि दोष दोन्ही आपल्या आयांना पाठ आहेत.

तरीही एका वर्षी एक गट हळदीची पट्टी घेऊन आला आणि सांगू लागला की ती इतकी संवेदनशील आहे की स्राव लागताच दहा सेकंदांत लाल ठिपके उमटतात. मी विचारलं, स्राव कुठला? म्हणाले, सलाइन. सलाइनवर लाल? औषधाच्या दुकानातल्या सलाइनमध्ये बफर, म्हणजे पीएच स्थिर धरणारं द्रव्य, नसतं, त्याचा पीएच बहुतेक वेळा सातच्या खालीच असतो. ते हळदीला लाल करू शकत नाही. मी नुसत्या डिस्टिल्ड वॉटरचा थेंब टाकला. लाल ठिपका. दुसरा टाकला, तिथंही लाल.

दोन दिवस आम्ही बाटल्या तपासत बसलो. पाणी बदललं, पिपेट बदलली, हळदीचा अर्क पुन्हा काढला. तिसऱ्या दिवशी त्यांच्यातला एक मुलगा हळूच म्हणाला, "मॅडम, गॉज आम्ही होस्टेलवर धुतला होता. स्वच्छ असावा म्हणून. कपड्याच्या पावडरनं." धुण्याच्या पावडरीतला सोडा धाग्यात राहिला होता. कोरडा असेपर्यंत गप्प, थेंब पडला की विरघळायचा आणि हळद लाल करायचा. ती पट्टी फक्त धुण्याचा सोडा ओळखत होती. त्या मुलाला मी रागावले नाही, त्यानं खरं सांगितलं म्हणून तीन आठवडे वाचले. पण प्रयोगाच्या वहीत "गॉज धुतला" ही ओळ नव्हती, त्याबद्दल मात्र सगळ्या गटाला ऐकावं लागलं.

न धुतलेल्या गॉजवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. सुती गॉज शोषक व्हावा म्हणून कारखान्यात कॉस्टिक सोड्यात उकळतात आणि मग ब्लीच करतात. नीट धुतला नसेल तर अल्क उरतं. म्हणून तर शोषक कापसासाठी औषधकोशात आम्ल-अल्काची चाचणी आहे: कापूस पाण्यात भिजवून पिळायचा, त्या पाण्याच्या एका भागात फिनॉल्फथॅलीन आणि दुसऱ्यात मिथिल ऑरेंज घालायचं, कुठंही गुलाबी छटा येता कामा नये. पाच मिनिटांचं काम आहे. माझ्या टेबलावर या दोन बाटल्या कायम असतात, आणि नवीन बंडल उघडलं की मी स्वतः ही चाचणी करते, विद्यार्थ्यानं "केली" सांगितलं तरी.

पाण्याचंही तसंच. डिस्टिल्ड वॉटर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं आणि ५.६ च्या आसपास उतरतं. शिवाय त्यात क्षार नसल्यानं पीएच मीटरचा आकडा स्थिर राहत नाही, मुलं तो सरकताना पाहत बसतात. बफरशिवाय कुठलाही रंग वाचू नका. ५, ६, ७, ८ आणि ९ असे पाच बफर करा, रंगपट्टी त्यांच्यावर काढा, आणि ती सुद्धा रंग पाण्यात मिसळून नव्हे, तयार पट्टीवर थेंब टाकून. पाण्यात ७ ला बदलणारा रंग कापडावर चढला की थोडा अलीकडे-पलीकडे बदलतो.

कायटोसान वापरणाऱ्यांसाठी खास सूचना. कायटोसान विरघळवायला एक टक्का असेटिक आम्ल लागतं. फिल्म वाळली तरी आम्ल आत राहतं आणि इंडिकेटर कायम आम्लाचाच रंग दाखवतो. मग कुणीतरी घाईनं ती फिल्म सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये बुडवतं, आता उलटं, ती कायम अल्काचा रंग दाखवते. आम्ल मारा, अल्क मारा, पण त्यानंतर धुवा. धुतलेलं पाणी आणि ताजं पाणी यांत फरक उरेनासा होईपर्यंत धुवा. आमच्याकडे सहा-सात वेळा पाणी बदलावं लागतं. घाईतल्या मुलांना दोनदा पुरेसं वाटतं.

चुकीच्या पीएचला बदलणारा रंग निवडणं

बीट घेऊन येणाऱ्यांना मी आधी डेशिया टेलरबद्दल सांगते. अमेरिकेतल्या आयोवा सिटीची ही शाळकरी मुलगी २०२१ साली बिटाच्या रंगात बुडवलेल्या टाक्यांच्या धाग्यामुळे जगभर माहीत झाली. पीएच ९ च्या सुमारास धागा भडक लालचा गडद जांभळा होतो. रंग धरणारा धागा सापडेपर्यंत ती वेगवेगळे धागे तपासत राहिली, कापूस आणि पॉलिएस्टरच्या मिश्र धाग्यापाशी थांबली. तिचा चिवटपणा शिकण्यासारखा आहे. पण तुम्ही बीट निवडण्याआधी आकडा पाहा: ९ म्हणजे न भरणाऱ्या जखमांत मोजलेल्या सगळ्यात वरच्या आकड्याच्याही पलीकडे. ज्या रंगाला तुम्ही राखणदार म्हणून बसवता, त्यानं चोर घरातून निघून गेल्यावर ओरडून काय उपयोग? हळदही आठच्या आसपास जागी होते, तीही उशिराच, आणि अल्कात कर्क्युमिन फार लवकर मोडतं, म्हणजे लाल झाल्यावर तो लाल टिकतही नाही. ब्रोमोथायमॉल ब्ल्यू ६.० ते ७.६ मध्ये पिवळ्याचा निळा होतो, फिनॉल रेड ६.८ ते ८.२ मध्ये. आधी कुठल्या आकड्यावर इशारा हवा ते ठरवा, मग रंगाकडे जा. "नैसर्गिक आहे म्हणून" हे कारण माझ्याकडे चालत नाही.

आणि बाजारातली हळदपूड तर नकोच. तिच्यात कर्क्युमिन साधारण ३ ते ५ टक्के, तेही वाणानुसार बदलतं. भेसळीत मेटॅनिल यलो असला तर तो कडक आम्लात किरमिजी होतो आणि तुमच्या रंगपट्टीत भलताच रंग घुसतो. शुद्ध कर्क्युमिनची छोटी बाटली घ्या, इथेनॉलमध्ये विरघळवा.

लाल होणारा रंग रक्ताळलेल्या जखमेवर

रक्त लाल, स्रावाचा साका पिवळा, शेवाळी. पिवळ्याचा लाल होणारा इंडिकेटर म्हणजे जखमेच्याच दोन रंगांत हरवणारा इंडिकेटर. निळ्याकडे जाणारा रंग घ्या. लाल-हिरव्यातला फरक नीट न दिसणारे पुरुष बरेच असतात, तेही निळा आणि पिवळा सहज ओळखतात.

रंग सुटून जखमेत जाणं

पट्टी दिवसभर स्रावात भिजते. सकाळी काढली तर पट्टी पांढरी आणि जखम रंगलेली, असं झालं तर तो प्रकल्प तिथंच संपला. स्वीडनमधल्या लिंशॉपिंग विद्यापीठाच्या गटानं २०२३ साली नॅनोसेल्युलोजची पट्टी मांडली, ती ७ च्या वर पिवळ्याची निळी होते. तिचे फोटो मुलं मला मोबाइलवर दाखवतात. पण त्यातला खरा अभ्यास रंगात नाही. ब्रोमोथायमॉल ब्ल्यू त्यांनी सिलिकाच्या सच्छिद्र नॅनोकणांत भरला आणि मग ते कण पट्टीत बसवले. निवांत वाचणाऱ्यालाच ते सापडतं. आपल्याकडे एवढी सोय नसेल तर ऋणभारी रंगाला धनभारी पॉलिमर द्या, कायटोसान याच कामाचं आहे. नुसत्या अल्जिनेटमध्ये (समुद्री शेवाळातला ऋणभारी पॉलिमर) घातलेला फिनॉल रेड धुऊन जातो, दर वर्षी जातो, आणि दर वर्षी एक गट मला सांगतो की आमचा जाणार नाही. तुकडा ३७ अंशांवर २४ तास बफरमध्ये बुडवून ठेवा आणि बफरचा रंग कलरीमीटरवर मोजा. डोळ्यांनी "पाणी स्वच्छ दिसतंय" म्हणू नका.

शेवटी निर्जंतुक करू, असं म्हणणं

शेवटी करू नका, आधी करा. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेत, १२१ अंशांवर पंधरा मिनिटं गेली की लाल कोबीचा आणि बिटाचा रंग मातकट होतो. सगळा अभ्यास कच्च्या पट्टीवर करून शेवटच्या आठवड्यात ती ऑटोक्लेव्हमध्ये टाकणारे गट मी पाहिले आहेत, बाहेर काढताना त्यांचे चेहरे बघवत नाहीत. पहिला नमुना तयार झाला की पहिलं काम निर्जंतुकीकरण. तो टिकला तरच पुढचा प्रयोग.

ड्रेसिंग उघडून, गप्पा मारून, मग रंग वाचणं

जखमेतल्या स्रावात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. पट्टी उघडली की तो उडून जातो आणि पीएच वर चढतो. पाच मिनिटांनी जो निळा दिसतो त्यातला काही हवेचा असतो. रंग पट्टी लावलेली असतानाच, पारदर्शक आवरणातून वाचता आला पाहिजे. तेवढ्यासाठीच तर ही पट्टी.

बीटाडिन, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि चांदीचं मलम विसरणं

आयोडीन पट्टी तपकिरी करतं, पेरॉक्साइड रंगाचे रेणूच मोडतं, चांदी उजेडात काळवंडते. आपल्याकडची जवळजवळ प्रत्येक जखम यातलं काहीतरी लावूनच पट्टीखाली जाते. तिन्ही लावून तपासा. नाही तपासलंत तर अहवालात तसं लिहा.

जखमेनं आधीच दाखवलेला रंग न वाचणं

हे मी प्रयोगशाळेबाहेरचं सांगते. माझ्या आत्याच्या यजमानांना मधुमेह होता. चपलेनं तळव्याला घासलं, जखम झाली. ड्रेसिंगला तिसऱ्या दिवशी माणूस यायचा. पावसाळ्यात एकदा तो पाच दिवस आला नाही. आत्यानं पाहिलं तर वरच्या गॉजवर निळसर हिरवा डाग होता, पिकल्या द्राक्षांसारखा गोडसर वास होता. तिला वाटलं मलमाचा रंग असेल, वासही औषधाचाच. काका म्हणत होते, दुखत नाही. दुखणारच नव्हतं, त्या पायात संवेदनाच उरली नव्हती. मी सुटीला गेले तेव्हा तो गॉज बघितल्याबरोबर कळलं. स्युडोमोनास, हिरवा रंग सोडणारा जंतू. पायाची दोन बोटं काढावी लागली.

या हिरव्या रंगाला मोठा इतिहास आहे. फ्रान्समध्ये निळा पू लागलेली बँडेजं पाहून डॉक्टर चकित होत. १८६० साली फोर्दोस यांनी त्या बँडेजांतून निळं द्रव्य वेगळं काढलं, ते पायोसायनिन. १८८२ साली गेसार यांनी ते बनवणारा जंतूच वेगळा करून दाखवला, तोच आज आपण ज्याला स्युडोमोनास एरुजिनोसा म्हणतो तो. म्हणजे संसर्ग दाखवणारी पहिली रंगीत पट्टी कुणी बनवली नव्हती, ती जंतूनं स्वतः रंगवली होती, आणि कुणीतरी तिच्याकडे नीट पाहिलं म्हणून ती उपयोगी पडली.

त्या पाहण्याची शिकवण आपल्या पट्टीसोबत गेली पाहिजे. मुलं रंगपट्टी पोस्टरवर छापतात, पाकिटावर नाही. पिवळा म्हणजे काय, निळा म्हणजे काय, आणि निळा दिसला तर आत्यानं कुणाला फोन करायचा, हे मराठीत, मोठ्या अक्षरात, पाकिटाच्या आतल्या बाजूला हवं. आणि त्याखाली हेही हवं: ताप आला, पाय सुजला, वास आला, लाली पसरत गेली, तर पट्टी पिवळी असली तरी दवाखान्यात जा. हे दुसरं वाक्य घालायला मुलं कचरतात, कारण त्यानं त्यांची पट्टी कमी दिसते. मी ते घातल्याशिवाय सही करत नाही.

उरलेल्या लहान चुका, ज्या मला रोज दिसतात

फोटो पिवळ्या बल्बखाली काढू नका. शेजारी पांढरा कागद आणि बफरची रंगपट्टी ठेवून, दिवसाच्या उजेडात, तोच मोबाइल, तेच अंतर. पीएच मीटर सकाळी ७ आणि ४ च्या बफरवर लावलं आणि दुपारी ८.५ मोजलं, तर तो आकडा खरा धरू नका, ९ चा किंवा १० चा बफरही लागतो. एका पट्टीवरून निष्कर्ष काढू नका, प्रत्येक अवस्थेचे किमान तीन तुकडे. तयार पट्टी खिडकीत ठेवू नका. काळ्या कागदात, कोरड्या डब्यात, आणि महिन्यानं काढून पुन्हा तपासा. जखमेतून स्वॅब (कापसाच्या काडीवर घेतलेला नमुना) मिळणार असेल तर जखम आधी सलाइननं धुऊन, मग चौरस सेंटीमीटरभर जागेवर आतला द्रव वर येईल इतपत दाबून पाच सेकंद फिरवून घेतलेला हवा. वरवरच्या पुवातला स्वॅब पट्टीवर साचलेले जंतू सांगतो, ऊतीतले नाही.

आणि स्वतःच्या किंवा मित्राच्या गुडघ्यावरच्या खरचटलेल्या जागी पट्टी लावून "माणसावर चाचणी" लिहू नका. नैतिकता समितीच्या मान्यतेशिवाय माणसावर काहीही नाही, आपल्या मित्रावरही नाही. प्रयोगशाळेत स्युडोमोनास किंवा स्टॅफिलोकोकस हाताळायचा असेल तर आधी मला भेटा, मी जंतू हाताळायचं सुरक्षा कॅबिनेट मोकळं करून देईन आणि पहिल्या दिवशी शेजारी उभी राहीन. येताना गॉजच्या बंडलाचं पाकीट घेऊन या, त्यावरचा बॅच क्रमांक फाडू नका. गॉज धुतला असेल तर कशानं धुतला, तेही वहीत लिहून आणा.